ब्रेकवरचा पाय

अण्णा जीपखालून सरपटत बाहेर आले, कानांतला स्टेथोस्कोप काढून त्यांनी गळ्यात टाकला आणि म्हणाले, "मागं काही नाही. उगाच मागं शोधत बसलोय आपण."

स्टेथोस्कोप गुरांचा होता. अण्णा जनावरांचे डॉक्टर. भुदरगडच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावरही लोक बोलवत राहिले म्हणून जात राहिले. आमचं आडनाव रेडेकर. रेडेकर डॉक्टराकडं म्हैस न्यायची म्हणजे सोयरीकच जुळवायची की, हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि अण्णा तो दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखे हसायचे.

जीप मी दहावीत असताना घरात आली. सरकारी लिलावातली, डिझेलची, चारही चाकं ओढणारी. जिथं मोटरसायकल जात नाही तिथं ती जायची आणि आल्यावर आठवडाभर अण्णांचा वेळ खायची. आई तिला सवत म्हणत असे.

त्या रविवारी तक्रार अशी होती की पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागच्या बाजूनं धप् असा आवाज यायचा. माळ्यावरून कुणी धान्याचं पोतं खाली टाकावं तसा. चढाला गिअरचा दांडा हातात थरथरायचा. गॅरेजवाल्या इस्माईल मिस्त्रींनी मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बदलून पाहिले होते. आवाज तसाच. आता मागचं हौजिंग उघडून आतले दाते बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णांना ते पटत नव्हतं. दुखणं कळल्याशिवाय पोट फाडायचं नाही, असं ते म्हणाले.

पायरीवर बिरू येडगे चहा पीत बसला होता. वरच्या धनगरवाड्यातला. त्याची म्हैस आठवड्याभरात व्यायची होती आणि रेडकू आडवं असल्याची त्याला शंका होती. डॉक्टरांना आत्ताच घेऊन जायचं या तयारीनं तो सकाळीच डोंगर उतरून आला होता.

"डाक्टर, एक सुई टोचा की तिला," तो जीपकडं बघून म्हणाला.

"टोचली असती," अण्णा म्हणाले, "पण ही लाथ मारते."

मग त्यांनी बिरूला समजावलं, की अशा गाडीनं वर चढलो आणि मध्येच शाफ्ट निसटला तर म्हैस राहिली बाजूला, तुलाच मला खांद्यावरून आणावं लागेल. उद्या गाडी ठीक करतो आणि दुपारपर्यंत येतो. रेडकाला सांग, तोवर थांब म्हणावं. बिरू हसला, पण उठला नाही.

अण्णा गाडीच्या पुढच्या बाजूला गेले, बॉनेटचे हूक सोडले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उल्के, बस."

मी हातातलं पुस्तक पायरीवर पालथं ठेवलं आणि उठले. कोल्हापूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवत होते, चाळिशी जवळ आली होती, आणि तरी रविवारी गावी आले की हे "बस" यायचंच. पंधराव्या वर्षी माझे पाय पहिल्यांदा पेडलपर्यंत पोचले तेव्हापासून हे काम माझं होतं. धाकट्या पुष्करला एकदा बसवून बघितलं होतं, तो चुळबुळ करायचा. आईनं त्या गाडीत पुढच्या सीटवर कधी बसायचं नाही असं ठरवलेलंच होतं. राहिले मी. "आमच्या उल्कीचा पाय म्हणजे पहार," अण्णा आल्यागेल्याला सांगायचे.

काम ऐकायला सोपं आहे. इंजिन चालू करायचं. उजवा पाय ब्रेकवर, तळापर्यंत. पहिला गिअर टाकायचा आणि डाव्या पायानं क्लच हळूहळू अर्ध्यावर आणायचा. डिझेलचं इंजिन, त्याला रेससुद्धा द्यावी लागत नाही. गाडी पुढं जायला बघते, आपण तिला जाऊ देत नाही. ती जागच्या जागी कण्हते, पुढून थोडी वर येते. त्या ताणाखाली इंजिन कसं हलतं ते बाहेरच्यानं बघायचं. मग तेच रिव्हर्समध्ये.

बाहेरचे म्हणजे अण्णा. जीप नेहमी गोठ्याकडं तोंड करून उभी असायची, कारण तिथं पत्र्याची सावली होती आणि उलटी लावली तर ऊन डोळ्यांवर येतं असं त्यांचं म्हणणं. डाव्या बाजूचा इंजिनाखालचा भाग एअर फिल्टरच्या आड होता, तो फक्त समोरून वाकूनच दिसायचा. म्हणून ते गाडीचं नाक आणि गोठ्याची दगडी भिंत यांच्यामध्ये जी हातभर जागा उरायची, तिथं शिरून उभे राहायचे. हँडब्रेक नावापुरता होता. आणि बॉनेट उघडलं की ते पाठीमागं येऊन काचेला टेकायचं. त्यानंतर आत बसलेल्याला समोरचं काही म्हणजे काही दिसत नसे. पत्र्याच्या त्या भिंतीपलीकडून फक्त त्यांचा आवाज यायचा आणि डाव्या मडगार्डाच्या कडेवर त्यांची चार बोटं दिसायची.

बिरूनं हे पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो उठून उभा राहिला. "डाक्टर, चाकाला धोंडं लावतो थांबा."

"धोंडं कशाला?" पलीकडून अण्णांचा आवाज आला. "ती आहे की."

मी ब्रेक दाबला.

"पुढं," अण्णा म्हणाले.

मी क्लच वर आणला. सीटखालचा पत्रा ताठ झाला. मी त्या चार बोटांकडं बघत होते. करंगळीच्या नखाला ग्रीस होतं.

"अजून... अजून... उचललं!" ते म्हणाले. "बोटभर उचलतंय. बास."

मी क्लच दाबला. इंजिन खाली बसलं आणि त्याच क्षणी मागून तो धप् आला.

रिव्हर्समध्ये काही झालं नाही. पुन्हा पुढं घेतलं, पुन्हा उचललं. या वेळी त्यांनी बिरूलाही बाजूनं वाकून बघायला लावलं. मग बॉनेटच्या कडेनं अण्णांचं तोंड वर आलं. एखाद्या अडलेल्या गाईचं वासरू हाताला लागल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"फाउंडेशन गेलंय. डावीकडचं."

इंजिन चासीवर रबराच्या जाड गाद्यांवर बसवलेलं असतं. गॅरेजमध्ये त्यांना फाउंडेशन म्हणतात. डावीकडच्या गादीचं रबर त्याच्या लोखंडी पट्टीपासून सुटलं होतं. जोर आला की इंजिन त्या बाजूनं उठायचं, त्याच्यामागं गिअरबॉक्स तिरका व्हायचा, शाफ्टला हिसका बसायचा आणि आवाज यायचा तो पार मागं. अण्णा हे सगळं बिरूला हाताच्या पंजांनी करून दाखवत होते.

"आवाज मागं येतो, दुखणं पुढं असतं," ते म्हणाले. "तुझी म्हस लंगडते तेव्हा तू खूर बघत बसतोस. दुखत असतो खुबा."

"व्हय," बिरू म्हणाला, "पर माझी म्हस आडवी हाय, लंगडत न्हाई."

अण्णा मोठ्यानं हसले आणि हसता हसता डावा खांदा दाबू लागले. फार वेळ वाकलो, म्हणाले. कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन करून त्यांनी गाद्यांची जोडी सांगितली. उद्या सकाळच्या एसटीनं पार्सल येईल असं ठरलं. बिरू डोंगराकडं गेला. जेवताना अण्णांनी भाकरी अर्धी ठेवली. दाढ ठणकतेय, म्हणाले. संध्याकाळी आईनं तेल कोमट करून त्यांच्या खांद्याला चोळलं. त्या वेळी तिनं त्यांना जीपवरून बरंच ऐकवलं आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण बरं वाटत होतं.

साधा दिवस होता तो. मी पुस्तकाची उरलेली पानं वाचली.

सकाळी मी निघायच्या तयारीत होते. अण्णा परसदारच्या पायरीवर बसलेले दिसले. हवेत गारवा होता आणि त्यांचा बनियन घामानं भिजून अंगाला चिकटला होता. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि काहीतरी विसरल्यासारखे पुन्हा खाली बघू लागले.

रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. शेजारच्यांची गाडी घरी नव्हती. अंगणात जीप होती. मी आणि आईनं त्यांना आधार देऊन पुढच्या सीटवर बसवलं, आई मागच्या बाकावर चढून दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून बसली. गारगोटीच्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर मी कितीदा गाडी चालवली होती, त्यात नवं काही नव्हतं.

क्लच सोडताच तो आवाज आला. धप्.

"हळू," अण्णा म्हणाले. डोळे मिटलेले होते. "तुटलंय ते."

दुसरा गिअर टाकला, पुन्हा आला. गावाबाहेरच्या चढाला गाडी दमली तेव्हा मला परत पहिल्यावर यावं लागलं आणि या वेळी सगळी गाडी हादरली. आई मागून देवाचं नाव घेत होती. अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"घाबरलीस काय गं?"

"नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहार आहेस."

चढ संपला. मी गिअर बदलला. धप् झालं, आणि त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्यालाही बोलले नाहीत. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि नंतरही माझा पाय ब्रेकवरच होता. गाडी आता उभी आहे, हे मला कुणीतरी काचेवर टकटक करून सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फार वेळ तपासलं, मला वाटतं ते आमच्यासाठी. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, काल काही त्रास होत होता का. आई म्हणाली, खांदा दुखत होता. दाढ दुखत होती. मी तेल चोळलं. खांद्याला चोळलं मी तेल, असं तिनं पुन्हा सांगितलं, आणि चोळल्यानं तर काही झालं नाही ना, असं विचारलं.

नाही, नाही, डॉक्टर म्हणाले. आपला हात स्वतःच्या छातीवर ठेवून ते आईला समजावू लागले, की असतं इथं, पण दुखतं खांद्यात, जबड्यात. भल्याभल्यांना कळत नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

त्यानंतरचं सगळं मी केलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही; घरात तसंच ठरलेलं होतं. पुष्कर हैदराबादेहून यायचा होता. लाकडं सांगणं, नातेवाइकांना कळवणं, आईच्या कपाळाचं कुंकू पुसायला आलेल्या चुलतआजीला दारातूनच परत पाठवणं, ते सगळं. लोक आत येत, रडत आणि जाताना माझ्याकडं बघून म्हणत, उल्का आहे म्हणून बरं. ती आहे की, काळजी नाही. ओटीवर बसलेले अण्णांचे जुने सहकारी एकमेकांना सांगत होते की पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही, वाघीण आहे. दुपारी, उशिरा आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं पार्सल आणून दिलं. त्याला काही माहीत नव्हतं. "डॉक्टरांचा माल," असं म्हणून त्यानं ते माझ्या हातात ठेवलं. मी ते फळीवर, त्यांच्या स्टेथोस्कोपशेजारी ठेवलं. तो खुंटीवर टांगलेला असायचा, फळीवर कुणी ठेवला होता कोण जाणे.

दहाव्याला वेदगंगेच्या काठावर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो. कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर बसून ते आमच्याकडं बघत होते आणि एकही खाली येत नव्हता.

अशा वेळी माणसं गेलेल्याला वचनं देतात. जीव कशात अडकलाय ते ओळखून त्यातून मोकळं करायचं असतं. चुलते पुढं झाले आणि म्हणाले, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही. कावळा आला नाही. पुष्कर हात जोडून म्हणाला, मी दर महिन्याला येईन. आला नाही. आई काहीतरी पुटपुटली, ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि तरीही आला नाही. ऊन चढत होतं.

मग गर्दीच्या मागून बिरू येडगे पुढं आला. खांद्यावर घोंगडं होतं. पिंडापासून लांब उभं राहून, समोर अण्णाच उभे असावेत तसा तो बोलला.

"डाक्टर, म्हस व्याली. रेडी हाय. सुखरूप हायत दोगी. तुमी येतो म्हनला हुता, त्येची आता काय काळजी करू नगासा."

कुणीतरी हुंदका दिला. आम्ही सगळे बाभळीकडं बघत राहिलो. एक कावळा उडाला, नदीवर एक फेरी घेतली आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"गाडीचं," चुलते पुष्करच्या कानात म्हणाले. "गाडीचं काम अर्धं राहिलंय बघ."

पुष्कर पुढं झाला. त्याचा आवाज फुटत होता. "अण्णा, जीपचं काम मी पुरं करतो. आजच करतो."

तरी नाही. चुलत्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, मग आत्यानं, मग सगळ्यांनीच. आता तू बोल, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी बोलले की होईल, अशी त्यांची खात्री होती. माझी या गोष्टींवर श्रद्धा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण जे बोलायचं होतं ते तिथं नदीकाठी एवढ्या माणसांसमोर बाहेर येईना. मी मान हलवली. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा केला, त्याचा स्पर्श पिंडाला करवला आणि वेळ भागवली.  परत येताना, अण्णा कशात अडकून राहिले याचा प्रत्येकजण आपापल्या मनाशी हिशेब करत असावा.

पुष्करनं शब्द पाळला. जेवणं झाल्यावर इस्माईल मिस्त्री आले. मान खाली घालून त्यांनी पार्सल उघडलं. इंजिनाखाली जॅक लावून दोघांनी जुन्या गाद्या काढल्या. डावीकडची हातात येताच तिचे दोन तुकडे झाले. मिस्त्रींनी ते पुसले आणि पायरीवर ठेवले, मी रविवारी पुस्तक ठेवलं होतं त्या जागी. नव्या गाद्या बसल्या. बोल्ट आवळले. मिस्त्री नमाजाला गेले.

"ताई," पुष्कर म्हणाला, "बस जरा. बघू या."

मी बसले. सीट अजून मी पुढं ओढलेलीच होती. इंजिन चालू केलं. बॉनेट वर गेलं, काचेला टेकलं, आणि समोरचा गोठा, भिंत, पुष्कर सगळं नाहीसं झालं. मडगार्डाच्या कडेवर चार बोटं आली.

मी ब्रेक दाबला. तळापर्यंत.

"पुढं," पलीकडून आवाज आला.

फोनवर पुष्करचा आवाज लोक नेहमी अण्णांचा समजायचे. मी कधी समजले नव्हते. मी पहिला गिअर टाकला. डावा पाय क्लचवर होता आणि तो वर यायचा होता, बोटभर, मग अजून बोटभर. तो येईना. उजवा पाय इतका जोरात रुतला होता की गुडघ्यातून कळ कमरेपर्यंत जात होती. मी त्या बोटांकडं बघत होते. करंगळीला ग्रीस लागलं होतं.

"सोड की क्लच."

"दगड लाव," मी म्हणाले.

"काय?"

"चाकाला दगड लाव. नाहीतर तिथून बाहेर ये."

"अगं, अण्णांनी कधी लावले दगड?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "तू आहेस की."

इंजिन एका लयीत चालत होतं. नव्या रबरावर ते इतकं गप्प बसलं होतं की गिअरचा दांडासुद्धा हलत नव्हता. पत्र्याच्या त्या भिंतीपलीकडं कोण उभं आहे हे मला दिसत नव्हतं, आणि तसं ते कधीच दिसलं नव्हतं.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

बोटं मडगार्डावरून निघाली. पुष्कर कडेनं बाहेर आला आणि मला ताई, ताई म्हणू लागला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी उघड्या बॉनेटकडं बघत होते, आणि इंजिनाच्या वर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले.

"पहिल्या दिवसापासून वाटायची. दर वेळी वाटायची. अण्णा, त्या चढावर पण मी घाबरले होते. खूप घाबरले होते मी."